पासवर्डचे नियम कडक ठेवून शाखांना लांबून सपोर्ट कसा द्यायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं आहे ते कळेल. सौहार्द सोसायटीचं (म्हणजे सहकारी पतसंस्थेचं) मुख्य कार्यालय बेळगावात, शाखा खानापूर, नंदगड, निपाणी आणि हुक्केरीला. मिळून तीसेक कॉम्प्युटर आणि ते बघायला तुम्ही एकटे. ऑडिटरने सांगितल्यावरून तुम्ही तीन नियम लावले: तीनदा पासवर्ड चुकला की खातं लॉक, पाच मिनिटं हात लावला नाही की स्क्रीन लॉक, आणि दर तीस दिवसांनी नवा पासवर्ड. तेव्हापासून तुमचा निम्मा दिवस खाती उघडण्यात जातो. एनीडेस्कने (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्राम) जोडून काम करताना मध्येच स्क्रीन लॉक होते आणि शाखेतली मंडळी वैतागून पासवर्डच व्हॉट्सॲपवर टाकतात. मॅनेजर म्हणतात नियम काढा, ऑडिटर म्हणतात काढलेत तर शेरा मारतो.

यात नियम आणि सपोर्ट यांचं मूळचं भांडण नाही. तुम्ही सपोर्ट देता तो कर्मचाऱ्याच्या लॉगिनमधून, अडचण तिथे आहे. त्याचं खातं राखायला लावलेला प्रत्येक नियम मग तुमच्याही आडवा येतो. सपोर्टची वाट वेगळी केली, म्हणजे स्वतःचं खातं, स्वतःची परवानगी, स्वतःची नोंद असं केलं, की यातला बराच ताप आपोआप जातो. उरतो तो नियमांच्या आकड्यांचा प्रश्न, आणि तुमचे आकडे मला पटलेले नाहीत.

काही गोष्टी तुम्ही सांगितलेल्या नाहीत आणि त्यांवर बरंच ठरतं. कॉम्प्युटर डोमेनवर आहेत (म्हणजे सगळ्यांची खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर) की सुटे? विंडोज प्रो आहे की होम? शाखेत फायबर आहे की मोबाइलच्या डोंगलवर काम चालतं? खाली जिथे फरक पडतो तिथे सांगत जातो.

आधी लॉकआउट. तुमच्याकडे बहुतेक मर्यादा ३ आणि कालावधी ० असा आहे. कालावधी ० म्हणजे ॲडमिनने उघडेपर्यंत खातं बंदच. त्यामुळे चूक एका क्लार्कची, पण फोन तुम्हाला आणि रांग काउंटरला. विंडोज ११ च्या २०२२ मधल्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या यंत्रावर मायक्रोसॉफ्टने स्वतः १० चुका आणि १० मिनिटं असा आकडा ठेवलाय. मी १० चुका, १५ मिनिटं कालावधी आणि मोजणी पुन्हा शून्यावर यायलाही १५ मिनिटं असं ठेवतो. ही मोजणीची वेळ लॉकच्या कालावधीपेक्षा जास्त ठेवता येत नाही, ठेवू पाहिलीत तर विंडोज आकडा घेत नाही. होम आवृत्तीत लोकल सिक्युरिटी पॉलिसीची खिडकीच नसते, पण ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट अकाउंट्स' ही कमांड चालते आणि तिच्यातून हे तिन्ही आकडे बदलता येतात.

१० चुका ऐकून ऑडिटर भुवया उंचावतील, म्हणून हिशेब जवळ ठेवा. दर १५ मिनिटांना १० म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त ९६० प्रयत्न. पासवर्ड चार आकडी असेल तर त्याचे दहा हजार पर्याय दहा-अकरा दिवसांत संपतात. ३ चुका आणि ३० मिनिटं ठेवली तर दिवसाला १४४ प्रयत्न, म्हणजे तेच काम सत्तर दिवसांवर गेलं. थांबलं नाही. बारा अक्षरांचा, अंदाज न येणारा पासवर्ड असेल तर दोन्ही आकड्यांनी चोराच्या हाती काही लागत नाही. सुरक्षितता लांबीत आहे. मर्यादा ३ वर आणून वाढतात ते फक्त तुमचे फोन.

दर तीस दिवसांच्या बदलाचंही तेच. २०१७ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं लिहिलं आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या शिफारशींतून ही अट काढली. कारण सरळ आहे. दर महिन्याला बदलायला लावलं की माणूस सोसायटीचं नाव आणि पुढे महिन्याचा आकडा असंच काहीतरी करतो, आणि ते बाहेरच्यालाही ओळखता येतं. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत, मध्ये एखादं चिन्ह, आणि फुटल्याचा संशय आला की लगेच बदल. देवाचं, गावाचं, मुलाचं नाव नको. व्हॉट्सॲपवर गेलेले पासवर्ड मात्र आजच बदला. मेसेज डिलीट केला म्हणून भागत नाही, तो कुणाच्या तरी बॅकअपमध्ये असतो.

आता आपल्या भागातलं एक खास कारण. खाती वारंवार लॉक होतात ती दर वेळी विसराळूपणामुळे होत नाहीत. शाखेतल्या यंत्रावर इंग्रजी, कन्नड आणि मराठी असे तीन कीबोर्ड लेआउट असतात. कुणी कन्नड अर्ज टाइप करून उठतो, मागून आलेला ठिपक्यांच्या चौकटीत पासवर्ड ठोकतो, आणि ठिपक्यांमागे अक्षरं कन्नड जात असतात. लॉगिन स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली भाषेचं चिन्ह दिसतं. ते आधी बघायला शिकवा, विंडोज की आणि स्पेसबार दाबून ते बदलतं. लॉगिन स्क्रीनला फक्त इंग्रजी ठेवता आलं तर उत्तम. पासवर्डात आकडे असतील तर नम लॉकही बघा, वीज जाऊन आली की काही यंत्रांवर तो बंद असतो.

तरीही एखादं खातं रोज ठरावीक वेळी लॉक होत असेल तर माणसाला बोल लावू नका. कुठेतरी जुना पासवर्ड साठवलेला असतो: जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हमध्ये, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा), रात्री चालणाऱ्या बॅकअपच्या कामात, नाहीतर फोनमधल्या मेलमध्ये. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० क्रमांकाची नोंद शोधा. खातं लॉक झाल्याची ती नोंद, आणि तिच्यात कोणत्या यंत्रावरून चुकीचा पासवर्ड आला त्याचं नावही असतं. डोमेन असेल तर ती नोंद डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे त्या मध्यवर्ती सर्व्हरवर मिळते, सुट्या यंत्रांत त्याच यंत्रावर. ४६२५ ही चुकलेल्या लॉगिनची. या दोन क्रमांकांवर अर्धी तक्रार सुटते.

आता मुख्य गोष्ट, सपोर्टची वाट.

एनीडेस्क नुसतं डाउनलोड करून चालवलं तर ते त्या कर्मचाऱ्याच्या अधिकारात चालतं. स्क्रीन लॉक झाली किंवा 'या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का' अशी ॲडमिनची विचारणा आली की तुमच्याकडची स्क्रीन काळी पडते किंवा गोठते. तो बिघाड नव्हे. विंडोज लॉगिन आणि ती विचारणा वेगळ्या सुरक्षित डेस्कटॉपवर दाखवतं आणि साध्या प्रोग्रामला तिथे डोकावू देत नाही. इथे लोक दोन चुका करतात. एकतर ती विचारणाच बंद करून टाकतात, नाहीतर फोनवरून ॲडमिन पासवर्ड सांगून क्लार्ककडून टाइप करवतात. दुसऱ्या प्रकारात आठवड्याभरात तो पासवर्ड शाखेत सगळ्यांना पाठ असतो. योग्य इलाज म्हणजे सपोर्टचा प्रोग्राम रीतसर इन्स्टॉल करून सर्व्हिस म्हणून, म्हणजे कुणी लॉगिन असो-नसो मागे सतत चालेल असा, चालवायचा. मग लॉगिन स्क्रीनही दिसते, विचारणाही दिसते, आणि ॲडमिनचं नाव-पासवर्ड तुम्ही तुमच्या हाताने टाइप करता. टाइप करण्याआधी समोरच्या यंत्राचं लेआउट बघा. वरचाच सापळा इथेही आहे.

सर्व्हिस म्हणून बसवला की तो प्रोग्राम चोवीस तास उघडं दार होतो, हे विसरायचं नाही. सगळ्या शाखांना एकच कायमचा पासवर्ड ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार आणि तोच सर्रास दिसतो. काउंटरच्या यंत्रांवर विनापरवानगी जोडणी बंद ठेवा, समोरच्याने 'स्वीकारा' दाबलं तरच जोडणी. रात्री लागणाऱ्या सर्व्हरसारख्या एक-दोन यंत्रांनाच कायमचा पासवर्ड, तोही प्रत्येकाला वेगळा आणि जोडीला ऑथेंटिकेटर ॲपचा (फोनवर दर थोड्या वेळाने नवा कोड दाखवणारं ॲप) कोड. कोणकोणत्या आयडीवरून जोडता येईल त्याची यादी भरता येते, तिच्यात फक्त तुमचे दोन आयडी घाला. जोडणी संपली की समोरची स्क्रीन लॉक करण्याचाही पर्याय असतो, तो लावाच. ॲडमिनची खिडकी उघडी राहून आणि पुढे क्लार्क बसून झालेले घोळ कमी नाहीत. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं असेल तर रस्टडेस्क आहे. ते मुक्त स्रोत आहे, पण सर्व्हर सांभाळायचं काम एकट्या माणसाच्या अंगावर येतं. तीस यंत्रांसाठी मी सहसा त्या वाटेला जात नाही.

फारच क्वचित मदत लागते अशा शाखेत विंडोजचं क्विक असिस्ट पुरतं. त्याचा कोड दहा मिनिटांत बाद होतो. पण ॲडमिनच्या विचारणेला तिथेही तीच अडचण येते.

रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून जोडायची विंडोजची स्वतःची सोय, वापरावी का हेही तुम्ही विचारलंय. होम आवृत्तीत बाहेरून येणारी ती जोडणी चालतच नाही. प्रोमध्ये तुम्ही जोडलं की समोर बसलेला बाहेर फेकला जातो, म्हणजे त्याची अडचण त्याच्यासोबत बघता येत नाही. सर्व्हरसाठी ते चांगलं, पण फक्त व्हीपीएनच्या (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, सुरक्षित वाट) आतून. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट (जोडणीचं दार) राउटरवरून इंटरनेटला उघडा ठेवला असेल तर हे पुढचं वाचायच्या आधी बंद करा. आणखी एक अडवणूक माहीत असू द्या. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (जोडणी उघडायच्या आधीच पासवर्ड तपासणं) चालू असताना मुदत संपलेल्या पासवर्डने रिमोट डेस्कटॉप आत घेत नाही आणि पासवर्ड बदलूही देत नाही. 'पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदला' अशी खूण केलेल्या खात्याचंही तेच. तुमच्या तीस दिवसांच्या नियमाने हा प्रकार दर महिन्याला होणार.

डोमेन असेल तर व्हीपीएन कुठे चालतो याला फार महत्त्व आहे. कॉम्प्युटरवर लॉगिन झाल्यानंतर व्हीपीएन सुरू होत असेल, तर तुम्ही बेळगावात बसून बदललेला पासवर्ड नंदगडच्या यंत्राला ठाऊकच नसतो. ते आपल्याजवळ साठवलेल्या जुन्या पासवर्डवरच आत घेतं. मग जुन्याने आत जा, व्हीपीएन जोडा, स्क्रीन लॉक करा, नव्याने उघडा, हे सगळं फोनवर समजावण्यात वेळ जातो. त्यापेक्षा व्हीपीएन राउटरवर बसवा, म्हणजे लॉगिनच्या आधीपासून वाट तयार असते. मोबाइल डेटावर चालणाऱ्या शाखेला सहसा स्वतःचा सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून गाठता येणारा पत्ता) मिळत नाही, म्हणून जोडणी शाखेकडून मुख्य कार्यालयाकडे निघेल अशी मांडायची. स्थिर आयपी फक्त बेळगावात घ्यायचा. वायरगार्ड हा व्हीपीएन वापरत असाल तर शाखेच्या बाजूला कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ वाहतूक थांबली की बाहेरून आत पोचता येत नाही.

आता तुमचं स्वतःचं खातं. कर्मचाऱ्यांना साधं खातं, ॲडमिन अधिकार कुणालाच नाहीत, मॅनेजरांनाही नाहीत. (यावर कुरबूर होईल. होऊ दे.) प्रत्येक यंत्रावरच्या लोकल ॲडमिनचा पासवर्ड वेगळा हवा. एकच असेल तर एक यंत्र गेलं की तीसही गेली. डोमेन किंवा मायक्रोसॉफ्टची एन्ट्रा सेवा (इंटरनेटवरून खाती सांभाळणारी) असेल तर विंडोज लॅप्स ही लोकल ॲडमिनचे पासवर्ड सांभाळणारी सोय वापरा. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. ते प्रत्येक यंत्राचा ॲडमिन पासवर्ड ठरावीक दिवसांनी, मूळ सेटिंगमध्ये ३० दिवसांनी, स्वतः बदलतं आणि मध्यवर्ती ठिकाणी जपून ठेवतं. माणसाला पाठ करायचा नसल्याने इथे मुदत ठेवण्यात काही बिघडत नाही. पासवर्ड वापरला गेला की काही तासांनी तो आपोआप बदलण्याची सोयही त्यात आहे. मूळ आकडा २४ तासांचा, मी १ तास ठेवतो. इंटरनेट बंद पडून कधी फोनवरून पासवर्ड सांगावाच लागला, तर जोडणी परत आल्यावर तो तासाभरात निकामी होतो. सुट्या यंत्रांवर लॅप्स चालत नाही. तिथे कीपास किंवा बिटवॉर्डन अशा पासवर्ड जपणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक यंत्राची वेगळी नोंद ठेवायची आणि सांगितलेला पासवर्ड त्याच दिवशी हाताने बदलायचा. कंटाळवाणं आहे, पण दुसरी वाट नाही.

स्क्रीन लॉकची पाच मिनिटं काउंटरला ठीक आहेत, तिथे ग्राहक समोर असतो. आतल्या खोलीत १५ मिनिटं पुरेत, मायक्रोसॉफ्टचीही शिफारस तेवढीच आहे. उठताना विंडोज की आणि एल दाबायची सवय लागली तर या आकड्याचं ओझं आणखी कमी होतं. चालत असेल तिथे लॉक उघडायला विंडोजचा पिन द्या. तो त्या एका यंत्रापुरताच असतो, नेटवर्कवरून वापरता येत नाही, त्यामुळे पासवर्ड टाइप करायची वेळच कमी येते.

दुसऱ्या टप्प्याच्या कोडसाठी एसएमएसवर विसंबू नका. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात रेंज गेली की ओटीपी पोचेपर्यंत त्याची मुदत संपते. ऑथेंटिकेटर ॲपचा सहा आकडी कोड रेंजशिवाय चालतो, फक्त फोनची वेळ आपोआप जुळणारी ठेवायची. घड्याळ मिनिटभर जरी पुढेमागे झालं की कोड नाकारला जाऊ शकतो.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर विजेचंही बघा. हेस्कॉमची लाइन जाऊन आली की सर्व्हर स्वतः सुरू व्हायला हवा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारी यंत्राची मूळ सेटिंग) वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते, ती 'चालू' वर ठेवा. नाहीतर खातं, पासवर्ड, व्हीपीएन सगळं बरोबर असूनही यंत्रच बंद. बिटलॉकरला (विंडोजचं डिस्कचं कुलूप) सुरुवातीचा पिन लावला असेल तर लांबून रीस्टार्ट केल्यावर यंत्र तिथेच अडून राहतं. शाखेतल्या बिनमाणसाच्या सर्व्हरला म्हणून फक्त टीपीएमवर (यंत्रातली किल्ली जपणारी चिप) ठेवावं आणि खोलीला कुलूप चांगलं लावावं. आपोआप लॉगिन होण्याची सेटिंग मात्र कुठेही करू नका.

सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचा माणूस पुण्याहून किंवा हुबळीहून जोडतो तेव्हा काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते तुमच्याकडचं सगळ्यात मोठं भोक तेच असणार. त्यांचं वेगळं खातं करा, एरवी बंद ठेवा, काम असेल तेव्हा उघडा आणि संध्याकाळी बंद करा. विंडोजमध्ये खात्याला मुदत आणि लॉगिनच्या वेळा दोन्ही ठरवता येतात. तुमचा आयडी त्यांना कधीच नाही.

फोनवरची ओळख ही सगळ्यात कच्ची कडी. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये एनीडेस्कच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं आणि २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने क्विक असिस्टच्या अशाच गैरवापराबद्दल सांगितलं. समोरचा आपल्या भाषेत, आपल्या ढंगात बोलतो म्हणून तो आपला होत नाही. शाखेला एकच नियम द्या: फोन नेहमी शाखेकडून, मॉनिटरवर चिकटवलेल्या नंबरावर. 'मी आयटीमधून बोलतोय, स्वीकारा दाबा' असा फोन आला तर ठेवायचा आणि चिकटवलेल्या नंबरावर परत लावायचा. हे तुमच्या खऱ्या फोनलाही लागू, आणि तुम्ही त्यावर रागवायचं नाही. जोडणी चालू असताना बँकेचं पान किंवा ओटीपी उघडायचा नाही. तरीही पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

तुम्ही आजारी पडलात किंवा फोन हरवला तर? एक राखीव ॲडमिन खातं ठेवा. लांब पासवर्ड कागदावर, पाकीट सीलबंद, वर दोघांच्या सह्या, आणि ते ठेवायचं सोनं ठेवता त्या तिजोरीत. तिला तुमच्याकडे दोन किल्ल्या लागत असतील तर तीच शिस्त इथे आयती मिळते. दर सहा महिन्यांनी उघडून चालतं का बघायचं आणि नवा पासवर्ड घालून पुन्हा सील करायचं.

नोंदींचं थोडक्यात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगचा मूळ आकार फक्त २० एमबी आहे, भरला की जुनं पुसत जातो. तो वाढवा आणि आठवड्याला एक प्रत दुसरीकडे काढा. सोबत एक साधी वही: तारीख, शाखा, कुणी बोलावलं, कुणी जोडलं, किती वाजता सुटलं.

हे सगळं एका दिवसात करू नका. पहिल्या दिवशी ३३८९ आणि व्हॉट्सॲपवरचे पासवर्ड. मग खानापूर शाखेत, जी जवळ आहे आणि धावून जाता येते, सपोर्टचा प्रोग्राम सर्व्हिस म्हणून बसवा आणि लोकल ॲडमिन वेगळे करा. आठवडाभर बघा. लॉकआउटचे आकडे त्यानंतर बदला, आधी नाही, कारण लांब पासवर्ड लागू व्हायच्या आत मर्यादा सैल केली तर ऑडिटरचं म्हणणं खरं ठरेल. त्यांना तोंडी समजवायला जाऊ नका. वरचा ९६० चा हिशेब, २०१७ आणि २०१९ चे संदर्भ आणि वहीची दोन पानं जोडून संचालक मंडळाचा ठराव करून घ्या आणि ऑडिटरना त्याची प्रत द्या. शेरा मारायचाच असेल तर त्यांना मग ठरावावर मारावा लागेल.